पिलोक आणि पाहुणे विद्यार्थी

जळगावजवळचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. प्लेगवर त्यांची एक रचना आहे. तीत प्लेगला ‘पिलोक’ म्हटले आहे आणि ओस पडलेल्या गावाचे चित्र आहे. प्लेग आला की माणसे शेतात झोपड्या बांधून राहत. उंदीर पडू लागले की घर सोडायचे, हे गावोगावी ठाऊक होते. मग त्या काळच्या वैद्यकाला ते ठाऊक होते का, असा प्रश्न आम्हाला पडला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. या रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. मात्र तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोडेच होते. ते शिकायला १८९७ मध्ये परदेशी डॉक्टर मुंबईत आले. वयाने आणि पदवीने ते डॉक्टर असले, तरी इथे ते विद्यार्थीच होते.

व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने तरुण डॉक्टरांचे पथक धाडले. त्यांनी रोगी तपासले, शवविच्छेदने केली आणि जंतू वाढवून मायदेशी नेले. ऑक्टोबर १८९८ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेतला सेवक प्लेगने दगावला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. म्युलर आणि एक परिचारिकाही गेली. मुंबईच्या साथीतून सुखरूप परतलेले म्युलर आपल्याच शहरात त्या रोगाला बळी पडले. रोग ‘उष्ण देशांचा’ म्हणून दूर राहत नाही, हा धडा फार महाग पडला.

फ्रान्सचे पॉल-लुई सिमाँ यांनी वेगळीकडे पाहिले. मेलेल्या उंदरांच्या हकिगती त्यांनी गोळा केल्या. काही रोग्यांच्या अंगावर बारीक फोड दिसले. ते पिसवेच्या चाव्याचे तर नसतील? जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी पिसवा असलेला आजारी उंदीर बरणीत ठेवला आणि निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात वर टांगला. दोघांचा स्पर्श होत नव्हता, तरी दुसराही प्लेगने मेला. उंदीर मेला की उपाशी पिसवा माणसाकडे वळतात!

अनेक तज्ज्ञांनी हे मानले नाही. १९०५ नंतर मुंबईतील प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्के झाले.

म्हणजे गाव सोडणाऱ्यांची कृती बरोबर होती, कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. म्हणूनच त्यात एक उणीव राही: कपड्यांतून, धान्याच्या पोत्यांतून पिसवा सोबत येऊ शकत. लोकांचा अनुभव प्रश्न देतो, प्रयोग उत्तर देतो. एकाला वगळून दुसऱ्याचे भागत नाही.

शिक्षक मित्रहो, वर्गात हे करून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून साथींच्या ऐकीव गोष्टी मुलांना लिहून आणायला सांगा. प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहू द्या: हे तपासायचे कसे?