उत्तर नॉर्वेत व्हेल पाहायला जायचंय? आधी हेरिंग कुठंय ते बघा, मग तिकीट काढा

बरकतपुरा म्हटलं की हैदराबादकरांना चमनचा चौक आठवतो आणि नोकरदारांना पीएफचं ऑफिस. नांदेड, देगलूर, उदगीर, बिदरकडच्या बऱ्याच मराठी घरांना मात्र बरकतपुरा आठवतो तो मुक्कामासाठी. काचीगुडा स्टेशन शेजारीच. गावाकडून रेल्वेनं यायचं, मामाकडे किंवा मावशीकडे रात्र काढायची आणि पहाटे शमशाबादचं विमान पकडायचं, हा शिरस्ता.

अशा घरात रात्रीच्या जेवणानंतर एखाद्या मोबाईलवर व्हिडिओ सुरू होतो: बर्फाचे डोंगर, मधे काळंशार पाणी आणि त्यातून वर येणारी व्हेलची शेपटी. मग ‘आपण पण जाऊ या का?’ असा विषय निघतो. नुकतेच रिटायर झालेले काका पीएफच्या पैशाचा हिशोब मांडतात, नातवंडं तारखा मोजायला लागतात.

जाता येतं. पण चार माणसांच्या या सहलीला काही लाख रुपये लागतात आणि त्यातला प्रत्यक्ष व्हेलचा दिवस एकच असतो. तो वाया जाऊ नये म्हणून काय बघायचं, कोणत्या क्रमानं बघायचं, त्याची ही माहिती.

व्हेल कुठं दिसणार, ते हेरिंग ठरवतो

फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या मधून आत शिरलेली समुद्राची लांब, खोल, अरुंद खाडी. हिमनद्यांनी दऱ्या कोरल्या आणि पुढे त्यांत समुद्राचं पाणी भरलं. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर अशा असंख्य खाड्या आहेत. हिवाळ्यात त्यातल्या काही खाड्यांत हेरिंग माशांचे प्रचंड थवे मुक्कामाला येतात. हेरिंग हा आपल्याकडच्या तारलीच्याच गणातला, चांदीसारखा चमकणारा मासा. त्याच्या मागोमाग ओर्का आणि हंपबॅक व्हेल येतात.

महत्त्वाची गोष्ट ही, की हेरिंग दरवर्षी त्याच खाडीत येईल असं नाही. 1990 च्या दशकात तो टिसफ्योर्ड आणि वेस्टफ्योर्ड भागात यायचा, तेव्हा व्हेल बघणारेही तिकडेच जायचे. पुढे तो तिथून हलला. 2012 नंतरची काही वर्षं ट्रॉम्सो शहराजवळच्या काल्डफ्योर्डसारख्या खाड्यांत व्हेल अगदी दाराशी दिसत होते. 2017 च्या सुमारास ही वर्दळ आणखी उत्तरेला, शेर्वॉय बेट आणि क्वेनांगेन खाडीच्या भागात गेली.

धनगराचा वाडा चाऱ्यामागं सरकतो, तसंच हे. म्हणून सात-आठ वर्षांपूर्वीचा व्हिडिओ किंवा जुना लेख वाचून गावाचं नाव पक्कं करू नका. बोट कंपनीला मेल करून सरळ विचारा: मागच्या हंगामात व्हेल कुठं दिसले, बोट कोणत्या खाडीत नेता, तिथं पोचायला किती तास लागतात आणि व्हेल दिसले नाहीत तर काय? काही कंपन्या पुन्हा एक फेरी देतात, काही काहीच देत नाहीत. हे लेखी घ्या.

हंगाम आणि सुट्ट्या: सीमाभागातल्या घराची खरी अडचण

हिवाळी हंगाम साधारण ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो आणि जानेवारीच्या अखेरीला संपतो. नोव्हेंबर, डिसेंबर हे भराचे महिने. इथं आपल्याकडची एक गंमत आडवी येते. नांदेड-लातूरच्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत. हैदराबादच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्यात, दिवाळीला जेमतेम एक-दोन दिवस, आणि मग पुन्हा संक्रांतीला काही दिवस. म्हणजे बरकतपुऱ्यातली भावंडं मोकळी असतात तेव्हा नांदेडची नसतात.

दसऱ्याची सुट्टी व्हेलसाठी बहुतेक लवकर पडते. नोव्हेंबरात येणारी दिवाळी चांगली. संक्रांतीची सुट्टी हंगामात बसते, पण शेवटाकडे. व्हेल निघून जायला लागलेले असू शकतात आणि समुद्रही खवळलेला असतो. दोन्ही घरं मिळून जायचं तर एका घराच्या मुलांची शाळा बुडणार, हे आधीच बोलून घ्यावं.

दिवस किती तासांचा?

ट्रॉम्सो जवळपास 70 अंश उत्तर अक्षांशावर आहे, हैदराबाद 17 अंशांवर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथं सूर्य काही तास दिसतो. साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी या काळात तो क्षितिजावर येतच नाही. मात्र अगदी काळोख नसतो. दुपारच्या आसपास काही तास निळसर, गुलाबी संधिप्रकाश असतो आणि बोटी त्याच वेळेत व्हेलजवळ असतात. डोंगर आड येत असल्यानं ट्रॉम्सो शहरात सूर्य परतल्याचा दिवस 21 जानेवारीला साजरा होतो. आपली संक्रांत नुकतीच झालेली असते.

ज्यांना फोटोची हौस आहे त्यांनी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरावा. ज्यांना रात्री नॉर्दर्न लाइट्सही बघायचेत त्यांना डिसेंबर चालेल. फक्त मोबाईलमध्ये काय येईल याची अपेक्षा कमी ठेवावी.

बोट कोणती घ्यायची?

दोन प्रकार आहेत.

मोठी बोट: ट्रॉम्सोहून सकाळी निघते. आत गरम केबिन, बसायला खुर्च्या, संडास, चहा-कॉफी. शेर्वॉयच्या भागात जायला तीन तासांच्या वर लागतात, तेवढेच परतीला. म्हणजे आठ-दहा तासांचा दिवस आणि त्यात व्हेलजवळचा वेळ दोन-तीन तासांचा. आजी-आजोबा, लहान मुलं बरोबर असतील तर हीच घ्यावी.

छोटी बोट: रबरी कडांची, उघडी, वेगवान. ही शेर्वॉयहून घेतली तर व्हेलपर्यंतचा प्रवास कमी होतो. माणसं मोजकी असल्यानं दिसतंही छान. पण वारा थेट तोंडावर आणि लाटांवर बोट आपटत जाते. कंबरेचा, मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी यात बसू नये. लहान मुलांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. शेर्वॉयला आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा लागतो. ट्रॉम्सोहून रस्त्यानं साडेतीन-चार तास, तेही बर्फाच्या रस्त्यावर. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर भाड्याची गाडी स्वतः चालवायचा मोह टाळावा.

भाडं माणशी दीड हजार नॉर्वेजियन क्रोनपासून पुढे धरावं. क्रोनचा त्या वेळचा रुपयातला भाव बघून हिशोब करावा.

सगळ्यात कामाची सूचना: बोटीचं बुकिंग पोचल्याच्या दुसऱ्या दिवसाचं करा आणि पुढचे किमान दोन दिवस मोकळे ठेवा. वारा वाढला की बोट रद्द होते. पैसे परत मिळतात किंवा दुसरी तारीख मिळते, पण परतीचं विमान त्याच संध्याकाळी असेल तर त्या तारखेचा उपयोग शून्य.

व्हिसा आणि विमान

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेन गटात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. दिवाळीच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून जून-जुलैतच हालचाल करावी. जून 2024 पासून मोठ्यांची व्हिसा फी 90 युरो आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलांची 45 युरो. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान 30,000 युरोच्या संरक्षणाचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा असावा. सत्तरी ओलांडलेल्यांचा विमा महाग पडतो, तो आधी विचारून घ्यावा.

हैदराबादहून नॉर्वेला थेट विमान नाही. दोहा, दुबई किंवा फ्रँकफर्टमार्गे ऑस्लो आणि तिथून सुमारे दोन तासांत ट्रॉम्सो. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम आधी तपासा. सगळी विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिलं उशिरा पोचल्यावर पुढची सोय विमान कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर नुकसान आपलं.

टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो इन्कमटॅक्स रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, पण पैसे तोवर अडकतात.

कपडे आणि डबा

ट्रॉम्सोच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पारा साधारण शून्याच्या आसपास किंवा त्याच्या खाली काही अंश असतो. इतक्या उत्तरेला एवढी ‘उबदार’ हवा अटलांटिकच्या उष्ण प्रवाहामुळे. म्हणून तिथला समुद्र गोठत नाही. पण बोटीवरच्या वाऱ्यात हीच थंडी हाडात शिरते.

अंगाला लागून सुती बनियन नको. सुती कपडा ओला झाला की अंग गार पडतं. आत लोकरीचं थर्मल, त्यावर जाड स्वेटर, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. लोकरीचे मोजे, हातमोजे, कानटोपी, आणि एक नंबर मोठे बूट, म्हणजे जाड मोजा बसेल. अंगभर घालायचा तरंगणारा सूट छोट्या बोटीवर कंपनीच देते. मोठ्या बोटीवर मिळतो का, ते विचारावं.

डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भडंग चालेल. तूप, पनीर, खवा, पेढे किंवा मांसाचे पदार्थ भारतातून नॉर्वेत नेता येत नाहीत. औषधं डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. सोबत आलेपाक ठेवावा. नॉर्वेत अँब्युलन्ससाठी 113 नंबर आहे.

बोटीवर काय दिसतं?

लांबून आधी फवारा दिसतो. तो पाण्याचा नळ नव्हे. व्हेलचा श्वास थंड हवेत वाफेसारखा दिसतो. देवमासा नाव असलं तरी हा मासा नाही, हवेत श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. हंपबॅक 12 ते 15 मीटर लांब असतो. बुडी मारताना तो शेपटी वर काढतो. ओर्का त्याहून लहान, काळा-पांढरा, आणि शास्त्राप्रमाणे डॉल्फिनच्या कुळातला सगळ्यात मोठा. नराच्या पाठीवरचा पर माणसाच्या उंचीइतका होतो.

ओर्का कुटुंबानं शिकार करतात. हेरिंगला घेरून गोळा करायचा, शेपटीचा फटका मारून मासे बधिर करायचे आणि एकेक खायचा. हंपबॅक मात्र त्याच गोळ्यात तोंड उघडून घुसतो. हे त्यांचं हिवाळ्यातलं जेवण आहे, आपल्यासाठी केलेला खेळ नाही. एका व्हेलमागं पाच-सात बोटी धावल्या की जेवण मोडतं. म्हणून ‘अगदी जवळ नेतो’ अशी जाहिरात करणाऱ्या बोटीपेक्षा ‘अंतर ठेवतो, इंजिन मंद करतो’ म्हणणारी बोट निवडावी. पाण्यात उतरून ओर्कासोबत पोहण्याच्या सहलीही विकल्या जातात. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक माहिती असू द्यावी. व्यापारी व्हेल शिकारीवर 1986 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. नॉर्वेनं ती मानली नाही आणि 1993 पासून मिंक जातीच्या व्हेलची शिकार पुन्हा सुरू केली. त्यामुळे हॉटेलच्या मेनूत व्हेलचं मांस असू शकतं. ऑर्डर देण्याआधी विचारावं.

हिवाळा जमत नसेल तर

मे-जूनच्या सुट्टीत जायचं तर नॉर्वेतलंच आंदेनेस बघावं. तिथं किनाऱ्याजवळच समुद्रतळाला खोल दरी आहे आणि त्यात स्पर्म व्हेल असतात. आइसलँडच्या उत्तरेला एयाफ्योर्डर खाडी आणि हुसाविक गाव उन्हाळ्यातल्या हंपबॅकसाठी प्रसिद्ध आहेत. व्हिसा शेंगेनचाच, थंडी कमी आणि उजेड जवळपास चोवीस तास.

आधी तालीम मालवणला

लाखो रुपये घालण्याआधी घरातल्या माणसांना बोट सोसते का, हे बघायला नॉर्वेला जायची गरज नाही. मालवण-तारकर्ली, गुहागर किंवा दापोलीजवळच्या हर्णै-मुरूडला पावसाळा सोडून डॉल्फिन बघायच्या बोटी निघतात. दोन तासांत कळतं की कोणाला बोट लागते, कोणाला पाण्याची भीती वाटते आणि कोण काही दिसलं नाही तरी खूश असतं.

आपला समुद्रही रिकामा नाही. 2015 साली सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरजवळ ब्लू व्हेल दिसल्याची नोंद संशोधकांनी केली होती. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत व्हेलचं पिल्लू अडकलं. गावकरी, वनखातं आणि इतरांनी त्याला पाणी मारत जगवलं, समुद्रात नेऊन सोडलं. तरीही ते वाचलं नाही. ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला, त्यांना बोटीनं अंतर का ठेवायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

थोडक्यात क्रम

पहिल्यांदा मालवणची फेरी. मग दोन्ही घरांच्या सुट्ट्यांचा मेळ. मग बोट कंपनीकडून मागच्या हंगामाची खबर. मग परत करता येईल असं बोटीचं आणि हॉटेलचं बुकिंग, व्हिसा, विमा. आणि परत न होणारं विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे उलट होतं: ऑफर दिसली म्हणून आधी तिकीट निघतं, आणि मग त्या आठवड्यात व्हेल आहेत का ते शोधलं जातं.