मेंढीचा जंत आणि चरकाचे तीन उपाय

रोगांच्या इतिहासात साथींना मानाचे पान मिळते. सावकाश मारणारे रोग समासात पडून राहतात. मेंढीच्या पोटातील जंत हा असाच एक उपेक्षित शत्रू होय. पावसाळ्यात मेंढी चरते, पण खाल्लेले तिच्या अंगी लागत नाही. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या होतात, हनुवटीखाली पाणी साचते आणि एके सकाळी ती वाड्यातून उठतच नाही. या रोगाचा मुख्य कर्ता हिमॉन्कस नावाचा जंत. तो चौथ्या जठरात राहून रक्त शोषतो. असे हजार जंत दिवसाकाठी सुमारे ५० मिलिलिटर रक्त नाहीसे करतात. त्यांची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या पोटात पुन्हा प्रवेश करतात.

कृमींचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, मनुष्याच्या संदर्भात, त्यांवर तीन उपाय सांगितले आहेत: अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना पोषक अशी शरीरातील स्थिती मोडणे, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे मूळ कारण टाळणे. या तिन्हींची सांगड महत्त्वाची आहे.

आधुनिक काळात ही सांगड सुटली. १८८९ साली पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वरला गेली. तिच्यापुढे बुळकांडीसारख्या साथींचे संकट उभे होते. जंतांकडे लक्ष जाण्यास वेळ लागला. पुढे १९६१ साली थायाबेंडाझोल हे प्रभावी औषध आले, आणि एका घोटात प्रश्न सुटला असे जगाला वाटले. परंतु १९६४ मध्येच त्याला न जुमानणारे जंत आढळल्याची नोंद झाली. त्यानंतरच्या औषधांनाही थोड्याफार फरकाने हाच अनुभव आला. अपकर्षण राहिले, उरलेले दोन उपाय विसरले गेले, त्याचा हा परिणाम.

आमच्या रायपूरच्या परिसरात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. कच्छचे रबारी मेंढ्यांचे कळप आणि उंट घेऊन या प्रदेशात येतात. शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवतात. अशा फिरत्या कळपामागे दवाखाना नेहमी कुठून असणार? उलट वनस्पती मात्र वाटेवरच असते. फाल्गुनात केशरी होणारा पळस छत्तीसगडात विपुल आहे, आणि त्याचे बी वावडिंगाप्रमाणे कृमिघ्न म्हणून वैद्यांस पूर्वापार माहीत आहे. मेंढ्यांवरील प्रयोगांत या बियांच्या भुकटीने लेंड्यांतील अंड्यांची संख्या घटल्याचे दिसले. मात्र रासायनिक औषधाइतका गुण सामान्यतः आला नाही. शिवाय अधिक मात्रा अपायकारक ठरू शकते. म्हणून झाडपाल्याचे औषधही पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे.

खरे बळ आहारात आहे. जंत रक्ताबरोबर प्रथिनेही लुटतात, आणि जंतांशी झगडण्यास प्रथिनेच लागतात. पेंड, द्विदल पिकांचा पाला व भुसा मिळालेली मेंढी तोच भार अधिक सोसते. विण्याच्या सुमारास मेंढीची प्रतिकारशक्ती उतरते; त्या दिवसांत तिला मूठभर अधिक खुराक मिळाला, तर कुरणावर पडणारी अंडी कमी होतात व कोकरांचा धोका टळतो. जातीचाही यात वाटा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा दख्खनी मेंढीशी संकर केला, तेव्हा गरोळ रक्ताच्या कोकरांत जंतांचा प्रतिकार अधिक दिसला.

तेव्हा औषध हवेच. परंतु सरसकट सगळ्या कळपास नव्हे, तर पापणी पांढुरकी दिसेल त्या मेंढीस. बाकीच्यांस पोटभर सकस चारा द्यावा आणि लेंड्यांनी भरलेल्या ओल्या कुरणापासून दूर ठेवावे. चरकाचे तीन उपाय एकत्र आले, तर ज्याची सारी पुंजी चार पायांवर चालते, त्या मेंढपाळाचे घर पावसाळ्यातही उभे राहील.