भाकरी-आमटीची बखर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुटीत एक मुलगा डब्यावर हाताचा आडोसा धरून जेवताना दिसला. डब्यात ज्वारीची भाकरी आणि मसुरीची आमटी. शेजारच्या बाकावर पुरी-श्रीखंडाची मिजास चाललेली. पुढचा तास इतिहासाचा, म्हणजे माझाच होता. फळ्यावर सनावळ्या लिहायच्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"भाकरी आधी की शेती आधी?" मी विचारले.

"शेती!" सारा वर्ग ओरडला. २०१८ सालापर्यंत मीही हेच म्हटले असते. त्या वर्षी जॉर्डनच्या काळ्या दगडांच्या वाळवंटातून, शुबैका नावाच्या ठिकाणाहून बातमी आली. तिथल्या जुन्या चुलीत चपट्या भाकरीचे करपलेले तुकडे सापडले होते, सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे! शेती सुरू व्हायला अजून चार हजार वर्षे होती. रानगहू आणि पाणगवताचे कंद दळून शिकारी माणसांनी ती भाजली होती. भाकरी करपते ती काही आजच नव्हे.

मसूरही त्याच मुलखातली. बायबलातला एसाव रानातून भुकेजून येतो आणि भाकरी व तांबड्या मसुरीच्या आमटीसाठी वडीलपणाचा हक्क धाकट्या भावाला देऊन टाकतो. लोक त्याला मूर्ख म्हणतात. मला मात्र उपाशी माणसाच्या हिशोबाला हसवत नाही.

मग मी रोमच्या सेंट पीटर चौकातल्या उंच दगडी स्तंभाचे चित्र दाखवले. इ. स. ३७ ते ४१ या काळात राज्य करणाऱ्या कालिगुलाने तो इजिप्तहून आणवला. एवढा अजस्र दगड वाहणाऱ्या जहाजाचा तोल राहावा म्हणून त्यात १,२०,००० मोदियस मसूर भरली होती, असे प्लिनी लिहितो. आजच्या मापाने ती आठशे टनांच्या घरात जाते. स्तंभावर सम्राटांची नावे कोरलेली आहेत, पोपचेही आहे. मसुरीचा उल्लेख राहिला तो एकट्या प्लिनीच्या पोथीत.

पण मला खरी आवडते ती स्ट्राबोची हकिकत. हा ग्रीक भूगोलकार दोन हजार वर्षांपूर्वी पिरॅमिड पाहायला गेला. तिथे दगडाच्या कपच्यांचे ढीग पडलेले, आणि त्यांत मसुरीच्या दाण्यांसारखे खडे. लोक त्याला सांगत, की बांधकामावरच्या मजुरांच्या जेवणातले उरलेसुरले अन्न दगड होऊन पडले आहे. आपल्या मुलखातही असल्या खड्यांची एक टेकडी आहे, असे स्ट्राबोने नमूद करून ठेवले. खरे तर चुनखडीत अडकलेली ती प्राचीन समुद्रजीवांची कवचे. लोकांचे शास्त्र चुकले खरे; पण एवढा डोंगर रचणारे जेवले काय असतील, हा प्रश्न त्यांना पडला होता. आमच्या क्रमिक पुस्तकाला तो पडत नाही.

"मग ते खरंच काय खायचे, गुरुजी?" आडोसा धरणाऱ्या त्या मुलाने विचारले.

"पाव, आणि वर जवाची बिअर!"

वर्गाला हसू आवरेना. तेवढ्यात घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत त्याने डबा सताड उघडून माझ्यापुढे धरला. मी एक घास घेतला. आमटीत आमसूल अंमळ जास्त पडले होते.