वैयावृत्त्य आणि कर्करुग्णांची शुश्रूषा : एक इतिहास

सहा आभ्यंतर तपांमध्ये जैन परंपरेने वैयावृत्त्याला स्थान दिले आहे. आजाऱ्याची सेवा हे नुसते पुण्यकर्म नव्हे, तर तप होय, ही दृष्टी सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात निर्विचिकित्सा अंगासाठी उद्दायन राजाचे नाव येते. व्याधिग्रस्त देहाची किळस न मानणे, हे ते अंग. कर्करोगाची वाहती जखम ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

खेड्यातील कर्करोगाचा शोध घेण्यात सोलापूर जिल्ह्यातील बार्शी अग्रेसर ठरले. डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत कार्यकर्ते हिंडले, लोकांना लक्षणे समजावून सांगू लागले आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उघडकीस येऊ लागला. पुढे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते. आपल्या मातीतील हे कार्य आपणांस पुरेसे ठाऊक नाही, ही खंत वाटते.

तथापि रोग सापडणे निराळे आणि रुग्णाची वेदना शमणे निराळे. मंदसौर-नीमचकडची अफू परदेशी औषधांसाठी निर्यात होत असताना देशातील रुग्णाला मात्र मॉर्फिन मिळेना, कारण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांची गुंतागुंत एवढी वाढली की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषधे देण्याची पद्धत सांगितली आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनच नेमले. त्याच वर्षी डॉ. लुईस डिसूझा यांनी मुंबईत शांती अवेदना सदन उभारले. तेथे आसरा मिळे, पण खेड्यातून तिथवर कितीजण पोहोचणार?

याचे उत्तर केरळात सापडले. १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी कोळिकोड येथे वेदना व उपशामक शुश्रूषेची संस्था स्थापिली. पुढे मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजारीपाजारीच शिकून तयार झाले. जखम धुणे, तिच्या दुर्गंधीवर औषधाची पूड टाकणे, तोंडाची निगा राखणे, घरच्यांशी बोलणे, ही कामे स्वयंसेवक करीत आणि औषधयोजना डॉक्टर व परिचारिका पाहत. खर्चाचा मोठा भाग लोकांच्या लहान लहान देणग्यांतून निघे. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारले. देशात तसे धोरण करणारे ते पहिले राज्य.

समाजात मात्र एक समजूत घट्ट बसली आहे. डॉक्टरांनी हात टेकल्यावरच ही शुश्रूषा घ्यावयाची, असे अनेकांस वाटते. बोस्टनच्या डॉ. जेनिफर टेमेल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ती खोटी ठरविली. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना निदानानंतर लगेच, नेहमीच्या उपचारांबरोबरच ही शुश्रूषा मिळाली, ते अधिक समाधानाने जगले आणि सरासरीने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. दूर अंतरांची अडचणही अनुल्लंघ्य नव्हती. अमेरिकेच्या ग्रामीण न्यू हॅम्पशायर भागात डॉ. मेरी बाकितास यांच्या योजनेत परिचारिका दूरध्वनीवरूनच रुग्णांना आधार देत, आणि त्याचा गुण आल्याचे २००९ मध्ये दिसून आले.

काही श्रावक कुटुंबांत वेदना सहन करणे हेच तप मानले जाते. मॉर्फिन म्हणजे व्यसन, अशीही धास्ती असते. परंतु तप स्वेच्छेचे असते. औषध न मिळाल्याने झालेली तळमळ तप नव्हे. सल्लेखना हा स्वतंत्र, व्रताचा विषय आहे आणि तिच्याशी उपशामक शुश्रूषेची गल्लत करू नये. जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीत योग्य मात्रेने दिलेल्या मॉर्फिनने मन शांत राहते, णमोकार मंत्र ऐकता येतो.

२०१४ मध्ये संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि मॉर्फिनसाठी अनेक परवान्यांऐवजी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेची एकच पद्धत आली. अशी मान्यता घेण्यासाठी संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर आणि साठ्याची चोख नोंदवही असावी लागते.