सुरतेत दारातली भाजी
लिंबायत, उधना, डिंडोलीत खान्देशातून आलेली कामगार कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. माग बंद तर मजुरी बंद. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये ते सगळ्यांनी भोगलं. अशा वेळी दारातली दहा फूट जागा भाजीचा खर्च तरी वाचवते, पोट भरेल ही आशा मात्र नको. मेथी महिनाभरात हाती येते. गिलक्याचा वेल जूनमध्ये लावला तर दोनेक महिन्यांत पत्र्यावर फळ धरतो. सुरती पापडीला थंडीपर्यंत थांबावं लागतं. इथली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून सिमेंटच्या गोणीला तळाशी भोकं पाडून शेणखत मिसळलेली माती भरावी. खाडीचं पाणी फुकट असलं तरी घालू नये. त्यात रंगाईच्या मिलचं सांडपाणी उतरतं, आणि पालेभाजीतून ते ताटात येतं.