छत्री, कावळा आणि ४४ वर्षं अडलेली पदवी

एक गंमत सांगतो. सगळे कावळे काळे. माझी छत्री काळी. म्हणून माझी छत्री कावळा! हसलात ना? पण हे चूक आहे, हे सिद्ध कसं करायचं?

युरोपातले विद्यार्थी त्यासाठी शतकानुशतकं 'बार्बारा, सेलारेंट' अशी बिनचूक साच्यांची नावं घोकत आले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकणाऱ्या क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन यांनी सगळ्यांना पुरेल अशी एकच कसोटी दिली. निष्कर्ष उलटा करा. आता तिन्ही वाक्यं एकत्र खरी असू शकतात का? नसतील, तर युक्तिवाद पक्का. 'छत्री कावळा नाही' म्हणा, तिन्ही वाक्यं सुखानं नांदतात. म्हणजे युक्तिवाद फसला.

मला भिडतं ते पुढचं. त्यांचा प्रबंध १८८२मध्ये पूर्ण झाला, १८८३मध्ये छापूनही आला. पण बाई म्हणून डॉक्टरेट नाकारली. ती मिळाली थेट १९२६मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी.

आता त्यांचीच कसोटी लावू. जो अभ्यासक्रम पूर्ण करेल, त्याला पदवी. क्रिस्टीननं तो पूर्ण केला. क्रिस्टीनला पदवी नाही. तिन्ही एकत्र खरी असूच शकत नाहीत. शेवटची दोन तर घडलेली. मग खोटं कुठलं, ते तुम्हीच सांगा.