धारवाडी पेढ्याचे कुळ

देवापुढे ठेवलेल्या पेढ्यास कोणी त्याचे मूळ गाव विचारीत नाही. तथापि धारवाडी पेढ्याचे कुळ धारवाडचे नव्हे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. उत्तर हिंदुस्थानातील उन्नावचे ठाकूर घराणे प्लेगच्या साथीमुळे गाव सोडून धारवाडास आले. १९५६ पर्यंत हे शहर मुंबईच्याच राज्यकारभारात होते. येथे रामरतनसिंह ठाकूर ह्यांनी उपजीविकेसाठी पेढे करून विकण्यास आरंभ केला. नातू बाबूसिंह ह्यांच्या काळी लाइन बाजारातील ते दुकान सर्वतोमुखी झाले.

विद्या उत्तरेची, दूध मात्र येथील गवळ्यांच्या म्हशींचे. ते आटवून खवा करावयाचा, साखरेसह तांबूस होईपर्यंत परतावयाचा आणि वळलेले पेढे साखरेत घोळावयाचे. सारी मातब्बरी त्या परतण्यात आहे. क्षणभर दुर्लक्ष झाले की खवा करपलाच!

घराण्याने कृती घरातच राखली व अनेक दशके एकाच दुकानावर समाधान मानले. व्यापारी ह्यास अव्यवहार म्हणतील. मला तसे वाटत नाही. जाणता हात घरचाच, तर दुकाने दहा कोठून होणार? परंतु कृती झाकता आली तरी नाव झाकता येत नाही. पुढे धारवाडी पेढ्यास भौगोलिक निर्देशांक मिळाला, क्रमांक ८५. तोही गावाच्या नावाने, घराच्या नव्हे. १९३३ साली ह्याच बाजारात दुकान घालणाऱ्या मिश्र घराण्याने तर पुढे कारखाना काढून हा पेढा गावोगाव पोचविला.